पायथ्याचे ठोकळे

सुईणबाईंकडून तपासून घरी आलो, तर आमच्या डबलबेडची घसरगुंडी झाली होती. उशाकडची बाजू हातभर उंच, पायाकडची जमिनीलगत. गादी, दुलई आणि मी पोटाखाली घ्यायचे ती लांबडी उशी, सगळं घरंगळून पायथ्याच्या फळीशी गोळा झालेलं. आई दारात उभी राहून लसूण सोलत होती.

"पायथ्याचे दोन काढलेत मी," ती म्हणाली. "उशाकडचे राहू देत."

"का पण?"

"पायथ्याला ठोकळे नकोत."

एवढं बोलून ती लसूण घेऊन स्वयंपाकघरात गेली. सारंगने, माझ्या नवऱ्याने, माझ्याकडे पाहिलं, मी बेडकडे पाहिलं, आणि माझ्या पोटातल्या अडतीस आठवड्यांच्या ऐवजाने एक लाथ मारून आपलं मत नोंदवलं.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. तेव्हा आम्ही वाल्सला राहायचो. हॉलंडच्या पार शेवटच्या टोकाचं गाव. इतकं शेवटचं, की आमचा रस्ता जिथे संपायचा तिथे जर्मनी सुरू व्हायची. मध्ये ना फाटक ना शिपाई. एक बेकरी होती, ती ओलांडली की पाट्यांची भाषा बदलायची. पाव जर्मनीतून आणायचा, चीज हॉलंडात घ्यायचं, असा आमचा संसार.

ठोकळ्यांचं असं होतं की हॉलंडात बाळंतपण घरी करायची चाल आहे. सक्ती नाही, पण सगळं सुरळीत असेल तर सुईण घरी येते, आणि बाळंतपण झाल्यावर एक नर्स आठवडाभर येऊन बाळाला, बाळंतिणीला आणि वेळ पडली तर बाळाच्या बापालाही सांभाळते. विम्याकडून एक खोकं येतं, त्यात कापूस, दुपटी, नाळेचा चिमटा. अट एकच, बेड कमरेइतका उंच हवा, म्हणजे सुईणीची आणि नर्सची पाठ मोडत नाही. त्यासाठी दुकानातून चार मोठे ठोकळे आणायचे आणि बेडच्या चारी पायांखाली ठेवायचे. काम झालं की परत द्यायचे.

मी घरीच बाळंत व्हायचं ठरवलं होतं. हे मी आईला फोनवर सांगितलं नव्हतं. त्याला कारण होतं.

माझी आई एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात आरोग्य केंद्राची नर्स होती. घरची बाळंतपणं बंद करणं हेच तिचं काम. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर चालत जायचं, सासवांशी भांडायचं, सुईणींशी भांडायचं, प्रसंगी नवऱ्याची गचांडी धरायची आणि नवव्या महिन्यातल्या बाईला जीपमध्ये घालून केंद्रात आणायचं. शेवटच्या सात वर्षांत तिच्या हद्दीत एकही बाळंतपण घरी झालं नाही म्हणून जिल्हा परिषदेने तिला शाल, नारळ आणि प्रशस्तिपत्र दिलं. ते प्रशस्तिपत्र आमच्या घरी देवांच्या वर टांगलेलं आहे. देवांची हरकत नसावी.

अशी बाई अकरा तास विमानात बसून, बॅगेत चार किलो डिंकाचे लाडू घेऊन पोटच्या पोरीच्या पहिल्या बाळंतपणाला आली, आणि पोर म्हणाली, आई, मी घरीच बाळंत होणार आहे, सुईण सायकलवरून येते.

आईने आधण ठेवलं. उभ्याउभ्या चहा प्यायली. ती नेहमीच उभ्याने चहा प्यायची, बसून पिण्याची सवयच राहिली नव्हती. मग खिडकीतून बाहेर बघत तिने विचारलं, तो समोर साखर कारखाना कसला. मी म्हटलं, कारखाना नाही, हॉस्पिटल आहे. आणि होतंच ते तसं, प्रचंड, सगळ्या नळ्या बाहेरून काढलेलं. आई म्हणाली, मग तिथे जाऊ की. मी म्हटलं, ते जर्मनीत आहे. आमचा विमा डच, म्हणून आमचं हॉस्पिटलही डच, तिकडे टेकड्यांपलीकडे. आई त्या दिसणाऱ्या हॉस्पिटलकडे आणि मग न दिसणाऱ्या टेकड्यांकडे बघत राहिली. आमच्या आरोग्य केंद्रात अशी हद्दीची भांडणं व्हायची, ती म्हणाली, पण ती दोन तलाठ्यांत.

जर्मनीची बाजू लढवायला माझी नणंद होती. हेमांगीताई सीमेपलीकडे, गाडीने बारा मिनिटांवर राहायच्या. त्यांची दोन्ही मुलं जर्मनीत झालेली, आणि त्यांना जर्मन आरोग्यव्यवस्थेचा असा अभिमान, जणू ती माहेरून आली होती. गरोदर बाईला तिथे एक वही मिळते, तीत रक्तापासून वजनापर्यंत सगळं टिपतात. हेमांगीताईंनी दोन्ही वह्या पासपोर्टांच्या फाइलीत जपून ठेवल्या होत्या. त्या दर रविवारी यायच्या आणि सारंगशी भांडायच्या. हॉलंडात डॉक्टर भेटायला आधी मरून दाखवावं लागतं, पाय मोडला तरी पॅरासिटामॉल, नवरा पळाला तरी पॅरासिटामॉल. सारंग म्हणायचा, तुझ्याकडे नुसतं शिंकलं तर तीन स्पेशालिस्ट, दोन फोटो आणि शेवटी काय, तर बडीशेपेचा चहा प्या. माझ्या दर भेटीला सोनोग्राफी झाली, हेमांगीताई सांगायच्या. म्हणूनच तुझा थोरला कॅमेरा दिसला की पोज देतो, सारंग म्हणायचा.

आईने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला. एकीकडे गोळी, दुसरीकडे काढा, सुई कोणीच टोचत नाही. आमच्याकडे टोचल्याशिवाय पेशंट खुर्ची सोडत नाही. पण तिचं मत हेमांगीताईंकडे झुकलंय हे मला दिसत होतं. एरवी लेकीच्या नणंदेशी ती बेताचंच बोलायची. आता दोघी गच्चीत उभ्या राहून कुजबुजायच्या आणि मी गेले की डिंकाच्या भावावर यायच्या.

इकडे ठोकळ्यांचा खेळ रोज चालू होता. सारंग संध्याकाळी पायथ्याचे ठोकळे लावायचा. सकाळी तो कामावर गेला की आई ते काढायची. साठी उलटलेली बाई डबलबेडचा पाय गुडघ्यावर तोलून धरायची आणि ठोकळा पायाने सरकवायची. आयुष्यभर लोखंडी खाटा उचललेल्या. उशाकडच्या ठोकळ्यांना ती हातही लावत नसे. हेमांगीताईंनी ठरवून टाकलं की वास्तुशास्त्राचा प्रश्न आहे, दक्षिणेकडे पाय उंच झाले असतील. सारंगने होकायंत्र काढून बघितलं. पाय पश्चिमेकडे होते. मी आईला तीनदा विचारलं, तिन्हीदा तिने पोळी उलटली.

आणि खरं सांगायचं तर मी खोदून विचारलंही नाही. कारण मी घर का निवडलं हेही मी तिला सांगितलेलं नव्हतं. सारंगला वाटायचं, मी पुस्तकं वाचून ठरवलं. सुईणबाईंना वाटायचं, मी डच झाले. खरं कारण वेगळंच होतं. आम्ही आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि माझी अभ्यासाची भिंत ही बाळंतिणींच्या खोलीची भिंत होती. मी पाढे पाठ करायचे आणि पलीकडून आईचा आवाज यायचा. घरातला नव्हे, दुसरा. ओरडू नको. ओरडून काय होतंय. केलंस तेव्हा ओरडलीस का. हे सगळ्याच नर्सा म्हणायच्या, पण ती माझी आई होती. पाचवीत होते तेव्हा एका दुपारी तर ती एका बाईवर इतकं ओरडली की मी दोन्ही कानांत बोटं घातली. ऊठ म्हणते ना, डोळे उघड, माजलीस का, झोपतेस काय. कितीतरी वेळ. संध्याकाळी आई घरी आली आणि न जेवता भांडी घासत बसली, आणि मी मनात ठरवलं की जगातली सगळ्यात दुष्ट बाई आमच्याच घरात राहते.

ते वय गेलं. आई काही दुष्ट नाही हे कळलं. पण एक पक्कं होतं. हॉस्पिटलच्या दारातून आत गेली की माझी आई आई राहत नाही, सिस्टर होते. माझं बाळ येताना मला आई हवी होती, म्हणून हॉस्पिटलच नको होतं. एवढं साधं होतं ते. पण असलं तोंडाने बोलता येतं का?

त्या मंगळवारी पहाटेपासून कंबर दुखत होती. मी ती आदल्या दिवसाच्या घसरगुंडीच्या खात्यावर टाकली. सारंग मास्ट्रिख्टला कामावर गेला. नऊच्या सुमाराला मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून वाकले तेव्हा आईने काही न विचारता पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने छातीवरचं घड्याळ बघितलं. नर्सचं ते उलटं लटकणारं घड्याळ ती निवृत्त झाल्यावरही लावते, देवळात जातानासुद्धा. कळ ओसरली तशी तिने फोन उचलला. मला वाटलं सुईणबाईंना. तो हेमांगीताईंना होता.

बारा मिनिटांत त्या आल्या. बेत आधीच ठरलेला. कळा सुरू झालेली बाई दारात उभी राहिली की जर्मनीत कोणी परत पाठवत नाही, असा हेमांगीताईंचा भरवसा होता. कागदपत्रं मागाहून होत राहतात. गाडीच्या मागच्या सीटवर टॉवेल अंथरलेले, पुढच्या सीटवर त्यांची दुसऱ्या खेपेची वही, नमुन्यादाखल. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दुसरी कळ आली, म्हणून नाही म्हणायचं राहिलं. माणसाला कळेत कुठेही नेता येतं.

बेकरीपाशी सिग्नल लागला. अलीकडच्या पाट्या डच, पलीकडच्या जर्मन. तिथे तिसरी कळ आली, चांगली घसघशीत, आणि मी ओरडले. रांगेत पाव घ्यायला उभ्या असलेल्या दोन आज्या वळून बघायला लागल्या.

"ओरडू नको," शेजारून आवाज आला. "श्वास घे. ओरडून काय होतंय?"

तोच आवाज. भिंतीपलीकडचा. मी दहा वर्षांची झाले आणि तीसचीही राहिले, अशी काहीतरी अवस्था झाली. कळ ओसरायच्या आतच मी बोलले.

"हेमांगीताई, गाडी वळवा."

"अगं, दोन मिनिटांवर आलंय..."

"वळवा. आई, मला सिस्टर नकोय. सिस्टर दोन्ही देशांत मिळतात."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. जर्मन होता, म्हणून एकदाच.

आई समोरच्या कारखान्याकडे बघत होती. आता तो काचेत मावत नव्हता. तिने माझ्या पोटावरचा हात काढला नाही, पण घड्याळावरचा काढला.

"वळवा हो ताई," ती म्हणाली. "आणि त्या सायकलवालीला फोन लावा. पंधरा मिनिटांत आली नाही, तर मी हिला पाठुंगळी मारून इथे आणीन."

हेमांगीताईंनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून सिग्नलवर यू टर्न घेतला. मग पुढचा अर्धा किलोमीटर त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या की जर्मनीत याला दंड आहे.

योलांडा, म्हणजे सुईणबाई, आमच्या आधी दारात पोचली होती. सहा फूट उंच, गालांवर टेकडीची लाली, सायकलच्या मागे दोन थैल्या. तिने मला तपासलं आणि हसून सांगितलं की निम्म्याहून जास्त वाट झालीय, पहाटेपासून चालतेय ही. कंबर म्हणे. मग ती बेडकडे वळली आणि तिचं हसू जरा कमी झालं. पायथ्याचे ठोकळे नव्हते. ते बाथरूममध्ये होते, त्यांच्यावर आईने कपडे भिजवलेली बादली ठेवली होती.

बेड वर घ्यायला हवा, योलांडा इंग्रजीत म्हणाली. आईला ते कळलं. हात आणि बेड यांची भाषा तिला कुठल्याही देशात कळते. ती जागची हलली नाही. मी भिंतीला दोन्ही हात टेकून उभी होते, आणि दोन कळांच्या मध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात ती मला म्हणाली, "मने, बाईचं रक्त जायला लागलं की आम्ही खाटेच्या पायथ्याला विटा लावतो. पाय वर, डोकं खाली. उरलंसुरलं रक्त डोक्याकडे राहावं म्हणून. बाकी काही हाताशी नसलं की विटा."

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तू पाचवीत होतीस. वरच्या वाडीची बाई होती, हौसा नावाची. घरी बाळंत झाली आणि मग डालग्यात घालून आणली. जीप तालुक्याला गेलेली. मी विटा लावल्या, सलाईन लावलं, आणि जीप येईपर्यंत दोन तास तिला हाका मारत होते. डोळे मिटले की संपलं असतं. जे तोंडाला येईल ते बोलले. शिव्या दिल्या. माणूस रागाने तरी जागं राहतं." ती थांबली. "राहिली नाही ती. विटा मीच काढल्या."

मग कळ आली. ती ओसरली तेव्हा माझा चेहरा भिंतीला टेकलेला होता, आणि मला ती दुसरी भिंत आठवत होती. चुन्याची, पोपडे आलेली. मी तिच्या अलीकडे कानांत बोटं घालून बसलेली. वीस वर्षं मी त्या आवाजाला घाबरत होते. तो कुणाला तरी जायला मनाई करत होता, बस.

"आई," मी म्हटलं, "चारही लावायचेत. नुसते पायथ्याचे नाहीत. बेड सपाट राहतो."

आई माझ्याकडे बघत राहिली. सपाट, ती म्हणाली. मग बाथरूममध्ये गेली, बादली खाली ठेवली आणि दोन्ही ठोकळे दोन काखांत घेऊन आली. योलांडा मदतीला पुढे झाली तर आईने तिला हाताने बाजूला केलं. गुडघ्यावर बेडचा पाय तोलला, ठोकळा पायाने सरकवला. एक. मग दुसरा. मग उशाकडे गेली, तिथले हलवून बघितले, परत पायथ्याशी आली आणि बेडवर तळहात ठेवून पाणसळ बघतात तसं बघितलं. योलांडाने भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, म्हणजे ही कोण. मी म्हटलं, ही माझी आई. नर्स आहे हे सांगितलं नाही.

पुढचे दोन-तीन तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. सारंग घामाघूम होऊन आला आणि बूट न काढता सगळ्यांना चहा विचारत फिरला. हेमांगीताई स्वयंपाकघरात पाणी तापवत होत्या. कशासाठी ते कोणाला माहीत नव्हतं, पण अशा वेळी पाणी तापवतात एवढं त्यांना माहीत होतं. आई पायथ्याशी उभी होती. जिथे ती एकतीस वर्षं उभी राहिली तिथेच, बाह्या कोपरापर्यंत वर, हात धुऊन तयार. योलांडाला तिच्यामुळे उजेड मिळेना.

शेवटी योलांडाने स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणली, माझ्या उशाशी ठेवली आणि आईचे खांदे धरून तिला तिच्यात बसवलं. इतक्या सहज, जसं शाळेत नव्या मुलीला बाकावर बसवतात. मला वाटलं, आता भडका उडणार. आईचे हात हवेतच होते, काय करायचं ते न कळून. तिने योलांडाला मराठीत विचारलं, मग मी काय करू? योलांडाला मराठी येत नव्हती. तिने आईचा एक हात घेतला, माझ्या हातावर ठेवला आणि कामाला गेली.

बेड उंच, खुर्ची बुटकी. आईचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या बरोबरीला आला. मी तिला नेहमी खालून पाहिलेलं, लहानपणी आणि नंतरही. इतकं समोरून कधी नाही. तिच्या छातीवरचं घड्याळ उलटं लटकत होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

मुलगी झाली. तीन किलो दोनशे. योलांडाने तिला माझ्या छातीवर ठेवलं, डोक्याला लोकरीची टोपी घातली आणि मग तासाभराने सायकलवर बसून निघूनही गेली. हेमांगीताई जाताना म्हणाल्या की आमच्याकडे तीन दिवस ठेवून घेतात. सारंग म्हणाला, आमच्याकडे नर्स आठ दिवस घरी येते. ते भांडण अजून चालू आहे. मुलगी आता पाच वर्षांची आहे आणि खोकला झाला की तिला दोन्ही देशांची औषधं मिळतात.

पण मला आठवतो तो ती जन्मायच्या थोडा आधीचा क्षण. शेवटची मोठी कळ. मी दात आवळले, ओठ आवळले, आवाज गिळला. सवयच ती, भिंतीच्या अलीकडची. आईने माझा हात दाबला. तिचा आवाज आला तो घरातला. एरवी पोळीला तूप लावू का विचारते, तो.

"ओरड," ती म्हणाली. "ओरड गं मने. त्या साखर कारखान्यापर्यंत ऐकू जाऊ दे."